गच्चीवरचा पिवळा ठिपका

बुधवारी दुसऱ्या फेरीतल्या चारशे बाराव्या फोटोत मला माझी मुलगी दिसली.

दिसली म्हणजे एक पिवळा ठिपका दिसला. साठ मीटरवरून सरळ खाली बघत काढलेल्या फोटोत तोंड येत नाही, डोकं आणि खांदे येतात, आणि बावीस महिन्यांच्या पोरीचे खांदे असून असून केवढे असणार. पण तो पिवळा फ्रॉक सकाळी मीच घातला होता. मागची दोन बटणं लागेनात म्हणून तिला पलंगावर उभी करून पाच मिनिटं झटापट केली होती. आणि गच्ची तिला दिवसभर सांभाळणाऱ्या कमरुन्निसाखालांची होती, यात शंकाच नव्हती. पडेगावात त्या अख्ख्या गल्लीत तेवढी एकच गच्ची उन्हासाठी पांढऱ्या रंगानं रंगवलेली आहे.

पांढऱ्या गच्चीवर पिवळा ठिपका. एकटा. आजूबाजूला कुणी नाही.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, एका बांगड्यांच्या दुकानाच्या वर. मोठ्या जागांची, इमारतींची ड्रोननं मोजणी करायची आणि नकाशे बनवून द्यायचे, हे काम. उडवतो सरफराज. दुपारी तो फोटोंचं कार्ड घेऊन आला की पुढचं जोडकाम माझं. सध्या पडेगावच्या जुन्या सराईचं चाललं होतं. बेचाळीस कमानी, मधे मोठं अंगण, चारी बाजूंनी दगडी खोल्या. तिची डागडुजी करायची होती आणि कुणी हात लावायच्या आधी दगडन् दगड नोंदवून ठेवायचा होता. शेतात नांगर चालावा तसा ड्रोन तास धरून येतो-जातो, दर दोन सेकंदांनी एक फोटो काढतो. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर बराचसा चढलेला असतो, आणि ते जुळवूनच कॉम्प्युटर उंची काढतो. कडा नीट याव्यात म्हणून हद्दीच्या बाहेर तीसेक मीटर जावं लागतं. त्यामुळं शेजारच्या गच्च्या आपोआप येतात. वाळत घातलेले पापड, गाद्या, पाण्याच्या टाक्या, एखादी केस वाळवत बसलेली बाई. ऑफिस चालवणाऱ्या अभय सरांचा नियम आहे, हद्दीबाहेर मोठं करून बघायचं नाही. शेवटी तेवढा भाग कापून टाकायचा.

मी तो नियम पाळते. पण सराईची मागची भिंत आणि खालांच्या घराची मागची भिंत एकच आहे हे मला काम आलं त्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते मी सरांना सांगितलं नव्हतं. मंगळवारपासून त्या बाजूचे फोटो मी जरा जास्तच वेळ बघत होते. आता काय सांगायचं. संस्कृतीला खालांकडं ठेवायला लागून चार महिने झाले, आणि चार महिन्यांत एकही दुपार अशी गेली नाही की मी तीनदा फोन केला नाही.

चारशे बारामध्ये ठिपका गच्चीच्या मधोमध. तेरामध्ये तिथंच. चौदामध्ये कठड्याकडं सरकलेला. पंधरामध्ये आणखी जवळ. सोळावा फोटो नव्हताच. फेरी तिथंच तुटली होती.

सरफराज माझ्या मागं उभा राहून चहा पीत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, घारी. काल आल्या तशाच आजही अकराच्या सुमाराला कुठून तरी वीस-पंचवीस घारी आल्या आणि ड्रोनच्या मागं लागल्या, म्हणून त्यानं ड्रोन घाईघाईत खाली घेतला. छावणी जवळ असल्यामुळं उडवायची परवानगी चारच दिवसांची, शुक्रवारी दुपारपर्यंत, आणि मागची बाजू अर्धवट राहिलेली. तो वैतागला होता. मी मान हलवत होते, पण ऐकत नव्हते.

दोन-दोन सेकंदांची चार चित्रं आणि मग काहीच नाही. पुढं काही झालेलं नव्हतं, हे मला कळत होतं. चार वाजत आले होते, झालं असतं तर फोन आला असता. असं स्वतःला समजावलं आणि तरी फोन लावला.

"काय करतीय?"

"खेळतीय, काय करणार."

"कुठं आहे?"

"घरातच हाय की बेटा. कुठं जाईल?"

मी बरं म्हणाले आणि ठेवला. मग मंगळवारच्या फोटोंवरून बनवलेलं मॉडेल उघडलं, नियम मोडून त्या गच्चीवर गेले, आणि कठडा मोजला. एक टोक खाली, एक टोक वर. सेहेचाळीस सेंटिमीटर. संस्कृतीची उंची एकोणऐंशी. डॉक्टरांच्या तक्त्यावर प्रत्येक महिन्याचा आकडा मला पाठ आहे. म्हणजे कठडा तिच्या कमरेच्या जरा वर. वाकून बघण्याइतका.

खालांच्या फ्रीजवर मी पहिल्याच दिवशी एक कागद चिकटवला होता. छापून नेला होता. दूध किती वाजता, झोप किती वाजता, कुठल्या खोकल्याला कुठलं औषध, अनोळखी माणसाकडं द्यायचं नाही, बाथरूमचं दार बंद. सहावा मुद्दा: गच्चीवर नेऊ नये. खालांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला होता. वाचून म्हणाल्या होत्या, पाच पोरं वाढवली, पण अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती. मला त्या वेळी हसू आलं होतं.

विषय सगळा तिच्या खाण्याचा होता. संस्कृती खात नाही. घास तोंडात धरून बसते, गालात साठवते, मग बाहेर काढून माझ्या हातावर ठेवते. मागच्या शनिवारी वजन केलं तर दीडशे ग्रॅम कमी भरलं. आठ किलो नऊशे. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या शनिवारी परत बघू, वाढलं नाही तर दोन दिवस भरती करून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील. त्या दिवशी संध्याकाळी तिला घ्यायला म्हणून खालांच्या दारात उभी राहिले आणि मला रडूच आलं. चप्पल पायात, पिशवी हातात, तशीच रडले. खाला काहीतरी नजर लागल्याचं बोलल्या. मी डोळे पुसून म्हणाले की असं काही नसतं. म्हणाले खरं, पण घरी जाऊन मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली, ते काही त्यांना सांगितलं नाही.

नवऱ्याला, शिवमला, संध्याकाळी फोटोबद्दल सांगितलं. त्याची वाळूजला कारखान्यात रात्रपाळी, तो निघायच्या घाईत होता. म्हणाला, सरळ विचारून टाक ना. आणि दारातून वळून म्हणाला, "तू आता पोरीवर विमान सोडलंस का?"

विचारणं त्याला सोपं वाटत होतं. विचारायचं म्हणजे मला कसं कळलं ते सांगायला हवं. आणि खाला दुखावल्या, उद्यापासून आणू नको म्हणाल्या, तर मी तिला कुठं ठेवू? शाळावाले अडीच वर्षांच्या आत घेत नाहीत. सासूबाई गावाकडं. नोकरी सोडायची तर एवढं शिकून पुन्हा तीन-चार वर्षं मागं. पण विचारलं नाही आणि खाला खोटं बोलत असतील, तर? रोज संध्याकाळी त्या सांगत होत्या, जेवली, पूर्ण वाटी खाल्ली. सोमवारपासून तर रोजच पूर्ण वाटी. माझ्या हातून तीन घास न खाणारी पोरगी पूर्ण वाटी कशी खाईल? गच्चीचं जसं, तसंच हेही असणार, असं डोक्यात बसलं.

गुरुवारी सकाळी तिला निळा फ्रॉक घालायला काढला, परत ठेवला, आणि पिवळाच धुवून वाळला होता तो घातला. कशासाठी, ते मला कळत होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन केला. उचलला नाही. अकरा दहा, नाही. अकरा चौदाला मी जिना उतरून खाली गेले, बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले, रिक्षाला हात केला, परत वर आले. अकरा बावीसला खालांनी उचलला. जरा दम लागला होता त्यांना. म्हणाल्या, "जेवली. आज तर मागून घेतलं." मी फोन ठेवला.

तीन वाजता सरफराज आला तो एक पातं तुटलेला ड्रोन घेऊन. एक घार वरून सरळ येऊन बसली होती त्यावर. ड्रोन कलंडला, पंधरा-वीस मीटर खाली आला, मग कसाबसा सावरला. कुठं कलंडला, मी विचारलं. तो म्हणाला, मागच्या भिंतीवर, त्या पांढऱ्या गच्चीच्या बाजूला.

किलोभर वजन. साठ मीटर. हे गणित करायला मला कागद लागला नाही.

अभय सर म्हणाले, सकाळी लवकर उडवून बघा. सरफराज म्हणाला, लवकर उडवलं तर कमानींच्या आत लांब सावल्या पडतात, अर्धी नक्षी काळी येते, उन्हाची वेळच पाहिजे. मग सर माझ्याकडं वळले. घारी फोटोंत येतातच, तर तीन दिवसांचे फोटो बघून त्या जमतात कुठं ते शोध, कुठं कत्तलखाना, कचरा वगैरे आहे का बघ. हद्दीबाहेर बघायची आता मला परवानगीच मिळाली.

घारी फोटोत स्वल्पविरामासारख्या दिसतात, तपकिरी, जरा पुसट. एकेका फोटोत मी त्यांच्यावर लाल खुणा करत गेले. अर्ध्या तासात कत्तलखाना नाही आणि कचराही नाही, हे कळलं. सगळ्या खुणा एकाच पांढऱ्या चौकोनाभोवती होत्या.

मग मी पिवळ्या ठिपक्याकडं न बघता त्याच्या सावलीकडं बघितलं. ते मला बुधवारीच सुचायला हवं होतं, हा माझा रोजचा धंदा आहे. वरून जे दिसत नाही ते सावलीत येतं. ठिपक्याच्या पायाशी जी सावली होती ती बावीस महिन्यांच्या पोरीची नव्हती. मोठी होती, खांदे असलेली, आणि तिला चिकटून एक बारकी. खालांची नमाजाची ओढणी पांढरी असते. पांढऱ्या गच्चीवर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी ओढणी घेतलेली बाई साठ मीटरवरून दिसतच नाही. पुढच्या फोटोत सावलीचा एक हात वर. त्याच्या पुढच्यात तो हात ठिपक्याच्या दुसऱ्या बाजूला. मग दोन्ही सावल्या एकत्रच कठड्याकडं, आणि कठड्यावर स्टीलची थाळी, उन्हात चमकणारी, तिच्यात लालसर काहीतरी. आणि मग घारी.

लहानपणी माझ्या मैत्रिणीच्या घरी, खुलताबादला, मी हे बघितलं होतं. तिचा भाऊ तापानं फणफणला होता. त्याच्यावरून सात वेळा मटणाचे तुकडे ओवाळून तिच्या आजीनं ते घारींना टाकले होते. सदका. आपण मीठ-मोहऱ्या उतरवून विस्तवात टाकतो, त्यांच्यात घारींना देतात.

म्हणजे तीन दिवस ज्या घारींनी आमचं काम अडवलं, ड्रोनचं पातं तोडलं, त्या माझ्याच मुलीवरून ओवाळून टाकलेलं खायला येत होत्या. मी दारात रडले म्हणून.

सरांनी सहा वाजता विचारलं, सापडलं का. मी म्हणाले, अजून नक्की नाही, पण घारी अकरालाच आणि मागच्या बाजूलाच येतात. उद्या मी साइटवर जाते, समोरची बाजू आधी उडवू. या ऑफिसात मी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही अर्धवट.

शुक्रवारी सकाळी सोडतानाच खालांशी बोलायचं ठरवलं होतं. पण संस्कृतीनं माझा पदर धरला, रडायला लागली, आणि रडणं लांबू नये म्हणून खाला रोज करतात तसं त्यांनी तिला आत घेऊन दार लावलं. मी दाराबाहेर दोन मिनिटं थांबले. आतलं रडणं बंद झालं. मग सराईत गेले.

सरफराजनं समोरची बाजू उडवायला घेतली. माझं काम आभाळाकडं बघायचं. आभाळ मोकळं होतं. माझी नजर घड्याळावर. पावणेअकराला त्याला म्हटलं, आलेच दहा मिनिटांत, आणि भिंतीला वळसा घालून खालांच्या गल्लीत गेले. अजून वेळ होता. सांगणार होते की आज जरा थांबा, दुपारी करा, किंवा खाली अंगणात करा. कसं कळलं, ते वाटेत सुचेल असं वाटत होतं. सुचलं नाही.

दार आतून बंद. कडी वाजवली. हाका मारल्या. खाला आज लवकरच वर गेल्या होत्या, पण वरून कुणी ऐकत नव्हतं, कारण डोक्यावर तो आवाज आला होता. मोठ्या माशीसारखा, एका सुरातला. मी वर बघितलं. सरफराजनं ड्रोन मागच्या बाजूला आणला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला सांगितलं होतं की घारी अकराला येतात, म्हणून अकराच्या आत मागची बाजू उरकून घ्यावी, असा त्यानं सरळ विचार केला होता. घारी कशासाठी येतात ते त्याला माहीत असतं तर त्यानं तो केला नसता.

आणि त्याच्या वरती, फार वर, एक घार. मग दोन. पंख न हलवता खाली येत होत्या.

मी फोन लावला. घाईत पहिल्यांदा शिवमलाच लागला, तो कट केला.

"सरफराज, उतरव."

"ताई, दोनच तास राहिलेत, पाच मिनिटं..."

"आत्ता उतरव. त्या पांढऱ्या गच्चीवर माझी मुलगी आहे."

आवाज तिरपा झाला, लांब गेला, सराईच्या अंगणात बुडाला. नंतर तो म्हणाला की त्यानं आयुष्यात इतक्या वेगानं ड्रोन कधी उतरवला नव्हता, आणि एक घार पार अंगणापर्यंत मागं आली होती.

ड्रोनचा आवाज थांबला तेव्हा गच्चीवरचा आवाज ऐकू आला. खालांचा.

"एक घास काऊचा. एक घास चिऊचा. हां. अब ये घास? चीलचा. घारीचा. बघ, बघ, कशी आली."

मी हाक मारली. कठड्यावरून खालांचं डोकं दिसलं. त्या दचकल्या नाहीत की काही नाही. म्हणाल्या, थांब, किल्ली सोडते. दोरीला बांधलेली भाजीची पिशवी खाली आली, तीत किल्ली होती. बाजारहाट असाच करतात त्या, हातगाडीवाल्याकडून. मी दार उघडलं, जिना चढले. अठरा पायऱ्या होत्या. का मोजल्या, कोण जाणे.

वर संस्कृती जिन्याच्या खोलीच्या दारात, सावलीत, चटईवर बसली होती. खालांच्या पांढऱ्या ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला बांधलेलं, दुसरं खालांच्या. कठडा तिथून चांगला चार पावलं लांब, आणि ओढणी दोन पावलांपेक्षा जास्त पुरली नसती. थाळी पलीकडच्या कोपऱ्यात कठड्यावर होती, आता जवळजवळ रिकामी. तिच्यावर घारी झेपावून परत वर जात होत्या, आणि माझी मुलगी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडं बघत होती. त्या उघड्या तोंडात खाला खिचडीचा घास घालत होत्या. ती चावत होती. गिळत होती. वाटीत दोन घास उरले होते.

मला बघितल्याबरोबर तिनं तोंड मिटलं.

खालांनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, या वेळेला कशी आलीस. मग मी सगळं सांगितलं. ड्रोन, फोटो, बुधवार, पिवळा ठिपका, कठडा मोजला तेसुद्धा. सांगता सांगता माझाच आवाज चढत गेला. म्हणाले, मी फोन केला तेव्हा तुम्ही घरातच म्हणालात.

"गच्ची काय शेजारणीची हाय? घर मेराच है."

"कागदावर लिहिलं होतं, गच्चीवर नेऊ नये."

खाला माझ्याशी मराठीत बोलतात, राग आला की दखनीत. आता त्या दखनीत शिरल्या. म्हणाल्या की वरून कुणी बघतंय हे मला सांगायचं तरी. चार दिवस मी इथं केस मोकळे सोडून तेल लावलं, तेही बघितलं असशील. आता गच्चीवर यायला बुरखा घालू का? मी म्हणाले, तसं नाही दिसत एवढं. पण खाली मान घालून म्हणाले. मी बघितलं नव्हतं, पण दिसलं असतं तर बघितलं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग त्या शांत झाल्या. ओढणीची गाठ चाचपून बघितली आणि मराठीत म्हणाल्या, "तुझा कागद मी रोज वाचते. पडू नये ते लिहिलंय, भाजू नये ते लिहिलंय. जेवलीच नाय तर काय करायचं, ते त्यात नाय."

सोमवारी त्यांनी सदका सुरू केला होता, सात दिवसांचा. पहिल्या दिवशी घारी आल्या आणि पोरगी तोंड उघडून बघत बसली. खालांच्या हातात सहज वाटी होती. एक घास घातला, गेला. दुसरा गेला. तेव्हापासून रोज अकराला. घरात बसून तीच खिचडी ती घेत नव्हती. मला का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणाल्या, तू त्या दिवशी म्हणालीस ना, असं काही नसतं.

जिन्यावर पावलं वाजली. सरफराज वर आला नाही, खालच्या पायरीवरूनच सलाम केला आणि विचारलं, सगळं ठीक ना. खालांनी त्याला तिथूनच विचारलं, कुणाचा तू. तो म्हणाला, किराडपुऱ्याचा, इब्राहीम मिस्त्रींचा नातू. खालांना ते घराणं माहीत निघालं. दोन मिनिटं त्यांचं त्यावरच चाललं. मग मी त्याला घारींचं कारण सांगितलं.

"तीन दिवस त्या घारींना शिव्या घालत होतो, ताई. त्या तर आपल्याच पाव्हण्या निघाल्या."

सदक्याच्या घारी किती वेळ थांबतात, हे त्यानं खालांनाच विचारलं. संपलं की पंधरा-वीस मिनिटांत जातात, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, मग माझं जमतंय, नमाजाच्या आत उरकतो. खाली गेला, आणि त्याच्या वहीत लिहिलं: अकरा ते साडेअकरा, उड्डाण थांबवलं, कारण पक्षी. ती नोंद मी नंतर बघितली. अभय सरांना मात्र मी त्याच संध्याकाळी सगळं खरं सांगितलं. ते चिडले, आणि बरोबरच चिडले. घर तुझ्या ओळखीचं आहे हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक पातं वाचलं असतं आणि मी ते फोटो दुसऱ्या कुणाला बघायला दिले असते, असं म्हणाले.

त्या दिवशी गच्चीवरून निघताना मी संस्कृतीच्या कमरेची गाठ सोडून परत बांधायला गेले. खालांनी माझा हात धरला नाही, नुसतं बघितलं. मी गाठ तशीच ठेवली.

"एक सांगू? बुरा मत मान," त्या म्हणाल्या. "नजर बाहेरच्याची लागते असं वाटतंय तुला. आईची सगळ्यात आधी लागते. तू घास भरवताना तिच्या गळ्याकडं बघती, उतरला का, उतरला का. मी बघितलंय. पोरगी कशी गिळंल?"

मी बुरा मानलं. रिक्षात बसल्यावर पार औरंगपुऱ्यापर्यंत बुरा मानत गेले.

शनिवारी वजन आठ किलो नऊशे नव्वद भरलं. नव्वद ग्रॅम. डॉक्टर म्हणाल्या, हे काही फार नाही, पण दिशा बरी आहे, भरती नको, पंधरा दिवसांनी या. काय बदल केला, विचारलं. मी म्हणाले, जागा बदलली जेवायची. त्यांनी तसं लिहून घेतलं. नव्वद ग्रॅम म्हणजे सकाळचं दूधही असू शकतं, हे मला माहीत आहे. घरी येऊन मी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर परत उभी केली, तिथं नऊ किलो दाखवलं, मग आठ नऊशे ऐंशी.

रविवार सातवा दिवस. रविवारी ती माझ्याकडं असते. खाला म्हणाल्या होत्या, तासाभरासाठी आणशील तर आण, नाही तर राहू दे. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी तिला चप्पल घालत होते. कुठं निघालात, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जेवायला.

गच्चीवर चढल्यावर मी आधी आभाळ बघितलं. काही नव्हतं, परवानगी संपली होती. खालांनी थाळी संस्कृतीवरून सात वेळा उतरवली, ओठ हलवत. मग थाळी कोपऱ्यात ठेवून आल्या आणि ओढणीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं पोरीच्या कमरेला आधीच बांधलेलं होतं.

"तू बांध तुझ्या कमरेला. आणि तिकडं तोंड करून बस."

"तिकडं कुठं?"

"सराईकडं. इकडं बघायचं नाय."

मी बसले. समोर मागची भिंत, तिच्या पलीकडं अंगण आणि कमानी. हे सगळं मला आतून-बाहेरून पाठ होतं, कुठल्या कमानीचा कुठला दगड निखळलाय तेसुद्धा, पण नुसत्या डोळ्यांनी, सावकाश, मी त्या कमानी पहिल्यांदा बघत होते. पाठीमागं पंखांचा आवाज आला, जड कापड झटकावं तसा. वाटीवर चमचा वाजला. एक घास काऊचा.

ओढणीला हिसका बसला. मी वळणार होते. पोरगी उभी राहिली असेल, किंवा पडली असेल, किंवा नुसती हसून पुढं झुकली असेल. ओढणी सैल झाली. चमचा परत वाजला.

वळू नये म्हणून मी कमानी मोजायला लागले. पहिली, दुसरी. मागं खाला म्हणत होत्या, हा चिऊचा. चौथ्या कमानीला ओढणी पुन्हा ताणली गेली, आणि या वेळी तशीच ताणलेली राहिली, एका बारक्या वजनानं. पाचवी. सहावी. घास उतरला का ते कळायला काही मार्ग नव्हता. सातवी. बेचाळीस आहेत, मला माहीत आहे, तरी मोजत राहिले.